आत्याची साखर नेसरीला

"कार्ड कुठं ठेवलंय गं?" असं आमच्या घरात कुणी ओरडलं, की आधी उलट विचारावं लागायचं, "कंचं?" कारण कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात माणसांपेक्षा कार्डं जास्त होती. पुढच्या खोलीत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना होता. छापखाना म्हणजे पायानं चालवायचं एक मशीन, शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांनी, भरलेल्या लाकडी खणांच्या चौकटी, आणि कोपऱ्यात कोऱ्या कार्डांचे गठ्ठे. अण्णा लग्नाची कार्डं छापायचे, वास्तुशांतीची छापायचे, पेठेतल्या नव्यानं दवाखाना टाकलेल्या डॉक्टरांची खिशात ठेवायची कार्डं छापायचे. दिवसभर खटॅक-फस्स, खटॅक-फस्स असा आवाज चालायचा आणि तो थांबला की आई मागच्या खोलीतून विचारायची, "काय झालं वो?" खिळे धुवायच्या रॉकेलचा वास आणि लसणाच्या फोडणीचा वास आमच्याकडं कायम एकत्रच असायचा. अजून कुठं रॉकेल हुंगलं की मला भूक लागते. हे मी एकदा मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, डॉक्टरला दाखव." आता त्याला काय सांगायचं?

मी, माझी मोठी बहीण अक्का, आई आणि अण्णा, एवढीच आम्ही माणसं. त्यात मी पाचवी-सहावीत असताना शकूआत्या आली. शकुंतला, अण्णांची पाठची बहीण. नेसरी गावाला दिली होती. एक दिवस दुपारी ती दारात उभी राहिली, हातात एक पिशवी, काखेत छत्री. ऊन रणरणतंय आणि ही छत्री मिटून काखेत घेऊन आलेली. आई म्हणाली, "वन्सं, अचानक?" आत्या म्हणाली, "त्यांनी दुसरी आणली घरात. मी छत्री तेवढी घिऊन आलो, ती माझ्या बाची हुती." आमच्याकडं बायकासुद्धा "आलो, गेलो" म्हणतात, बाहेरच्या माणसाला ते ऐकून गोंधळायला होतं. माझा त्यात कधी गोंधळ झाला नाही. माझा गोंधळ झाला तो "दुसरी"चा. दुसरी काय, हे मला कुणीच सांगितलं नाही. मी बरेच दिवस म्हैस समजत होते.

पिशवीत दोन लुगडी, नाचणीच्या पिठाचं पुडकं आणि पत्त्यांचा एक कॅट निघाला. आईनं कपाळाला हात लावला. "संसार सोडून पत्ते आणलासा व्हय?" आत्या म्हणाली, "संसारात चार माणसं लागत्यात वैनी, ह्यातबी चारच लागत्यात. हितं आपुन चौघी होतोय की." खरं तर तिला धरून बायका तीनच होत होत्या, पण मला तिनं मोजलं होतं, याचाच मला कोण आनंद! दुपारी जेवणं झाली, भांडी घासून झाली की आमचा मेंढीकोट बसायचा. आई आणि अक्का एकीकडं, आत्या आणि मी एकीकडं. मेंढीकोट म्हणजे दश्शा गोळा करायच्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आत्या खेळायची तो बंद हुकमाचा डाव. एकानं आपल्या हातातलं एक पान झाकून जमिनीवर ठेवायचं. तो हुकूम. कुठल्या रंगाचा, ते त्याला एकट्यालाच माहीत. गरज पडेल तेव्हाच तो उघडायचा. आत्या तो इतका वेळ उघडायची नाही, की मीच रडकुंडीला यायचे. "आत्या, उघड की!" "गप गं मने. हुकूम झाकल्याला हाय तवर आपला. उघडला की सगळ्यांचा."

त्या कॅटमध्ये किलवरची दश्शी नव्हती. नेसरीच्या घरात कुठंतरी राहिली असणार. अण्णांनी एका डॉक्टरच्या चुकलेल्या कार्डाच्या कोऱ्या बाजूवर मला किलवर काढायला लावला. पण कार्ड जरा अरुंद, आणि पाठीमागं डॉक्टरचं नाव, शिक्षण, भेटायची वेळ सगळं छापलेलं. त्यामुळं ती दश्शी कुणाच्या हातात आहे ते सगळ्यांना दिसायचं. तिचं नावच डॉक्टर पडलं. "डॉक्टर कुणाकडं गेला?" "डॉक्टर पकडला गं बाई!" असं आमच्या घरातून ऐकू यायला लागल्यावर शेजारच्या काकू एकदा घाबऱ्याघुबऱ्या धावत आल्या, कोण आजारी पडलं म्हणून.

याच सुमाराला रेशनची रंगीत कार्डं आली. आधी सगळ्यांचं एकसारखंच असायचं. आता गरिबाला पिवळं, मधल्याला केशरी, आणि ज्याचं बरं चाललंय त्याला पांढरं. पांढऱ्यावर काही मिळायचं नाही, नुसतं कपाटात ठेवून मिरवायचं. आम्हाला केशरी मिळालं. आईला पिवळं हवं होतं, ती धुमसत होती. तेवढ्यात गल्लीतला एक पोरगा मैदानावरून लंगडत आला. आमच्या पेठेत फुटबॉल म्हणजे जीव की प्राण, मॅच असली की छापखान्यात माणूस फिरकायचा नाही. पोरगा कट्ट्यावर बसून सांगायला लागला, "मला पिवळं कार्ड दाखवलं, बगा!" आई तिथल्या तिथं म्हणाली, "नशीब लागतंय बाबा. आमी लाईनीत उभं राहून मेलो, आमच्या हातात केशरी टेकवलं. कुणाची वळख लावलीस?" पोरगं तोंड उघडं टाकून बघत राहिलं. मी हसले नाही, कारण मलाही त्यात काय चुकलं ते कळलं नव्हतं. संध्याकाळी अण्णांनी समजावून सांगितलं, तरी माझ्या डोक्यात ते नीट बसलं नाही. एका ठिकाणी पिवळं मिळालं की साखर, दुसऱ्या ठिकाणी पिवळं मिळालं की शिव्या. कार्ड तेच!

केशरी कार्डावर आमची चौघांची नावं होती. अण्णा आत्याचं नाव चढवायला रेशनच्या ऑफिसात गेले. मला बरोबर नेलं होतं. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "बाईंचं लग्न झालंय?" "झालंय." "मग त्यांचं नाव मालकाच्या कार्डावर असणार." "हाय, नेसरीला." "मग तिकडनं नाव कमी केल्याचा दाखला आणा. तिथं कमी झाल्याबिगर हितं वाढत नसतंय." अण्णा म्हणाले, "साहेब, ती राहती हितं, जेवती हितं." साहेब म्हणाले, "जेवू द्या की, आमी कुठं धरलंय हात?" घरी येताना मी अण्णांना विचारलं, "म्हणजे आत्या इथं आणि आत्याची साखर नेसरीला?" अण्णा म्हणाले, "व्हय." "मग तिची साखर कोण खातंय?" अण्णांनी पाय उचलला. मला पळावं लागलं त्यांच्या मागं, एवढं आठवतंय.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली. "मी मागायला जाणार न्हाय." तिचं म्हणणं, आपण दाखला मागितला की ते सांगणार, बाई आपणहून सोडून गेली. त्यांनी काढलं, असं त्यांच्या हातानं झालं पाहिजे. आईनं समजावलं, अण्णांनी समजावलं, अण्णा एकटे जाऊन येतो म्हणाले. पण ती बधली नाही. आणि नेमकं तेव्हाच गल्लीच्या टोकाच्या बालवाडीत एका मदतनीस बाईची जागा निघाली. पोरांना खिचडी करून घालायची, नाक पुसायचं, संध्याकाळी झाडून घ्यायचं. आत्याला ते काम मनापासून पाहिजे होतं. तिला मूल झालं नव्हतं, आणि भावाच्या ताटात जेवायचं तिच्या जिवावर यायचं, हे मला आता कळतं. तेव्हा नुसतं दिसायचं, की ती भाकरीचा दुसरा अर्धा तुकडा कधी घेत नाही. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, "तुम्हालाच घेतो, पण रेशन कार्ड आणा. त्यावर तुमचं नाव आणि इथला पत्ता पाहिजे." आत्या घरी येऊन पिशवीतला कॅट काढून पिसायला लागली आणि हसून म्हणाली, "पत्ते मस्त हायती माझ्याकडं. पत्ता तेवढा न्हाय." आम्ही सगळे हसलो. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडला. बराच वेळ नळ चालू होता.

बालवाडीच्या बाई भल्या, त्यांनी जागा काही दिवस तशीच ठेवली. मध्येच अक्काचं लग्न ठरलं. मुलगा कसबा बावड्याचा, पुण्याला कॉम्प्युटरवर कामाला. बोलणीला त्याचे वडील आले. पोह्यांची बशी मांडीवर घेऊन त्यांनी मुलाची एकेक गोष्ट सांगितली आणि शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आमच्या पोराकडं क्रेडिट कार्ड हाय. गोल्ड." आम्ही कुणीच ते आधी ऐकलं नव्हतं. आईनं पदर सावरून अगदी अदबीनं विचारलं, "म्हंजे कंच्या रंगाचं म्हणायचं, पावणं?" "सोनेरी." आईनं त्यांना अजून पोहे वाढले. माणसं गेल्यावर तिनं अण्णांना कोपऱ्यात घेतलं. "अवो, पांढऱ्यावर साखर मिळत न्हाय, सोनेरीवर तर पाणीबी देत न्हाईत वाटतं. पोरीनं खायाचं काय?" अण्णांनाही नीट सांगता येईना. ते म्हणाले, "ते बँकेचं असतंय." "बँक काय तांदूळ देती?" पुढच्या खेपेला मुलगा स्वतः आला तेव्हा अक्काच्या आग्रहावरून त्यानं ते कार्ड काढून दाखवलं. हातोहात फिरलं. चकचकीत, नखानं वाजवलं की टिकटिक वाजणारं. माझ्याकडं आलं तेव्हा मला वाटलं, हे पिसता कसं येत असेल? शेवटी ते आत्याच्या हातात गेलं. तिनं दोन्ही बाजूंनी पाहिलं, उंचवट्याच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "जावईबापू, ह्यात कुणाकुणाची नावं हायती?" तो म्हणाला, "माझं एकट्याचंच." आत्या म्हणाली, "मग आमच्या अक्कीचं कुठं चढवणार?" सगळे हसले. तोही हसला, म्हणाला, "बायकोला दुसरं मिळतं, आत्या." दुसरं म्हटल्यावर आत्याचा चेहरा असा काही झाला, की आईनं पटकन चहाचे कप उचलले.

मग लग्नाची पत्रिका. स्वतःच्या मुलीची पत्रिका अण्णा स्वतः जुळवणार, हे उघडच होतं. वरती गणपतीचा ठसा, खाली "चि. सौ. कां.", आणि अगदी तळाला निमंत्रकांची नावं, बारीक खिळ्यांत. तिथं घोडं अडलं. आत्याचं नाव कसं छापायचं? लग्न न झालेलीला कुमारी, नवरा असलेलीला सौभाग्यवती, आणि श्रीमती म्हणजे आमच्याकडं नवरा गेलेली. चौथा खण कुणी केलेलाच नाही. आई म्हणाली, "सौ. लावा. दाजी जित्तं हायती, कुकू हाय तिच्या कपाळाला." अक्का म्हणाली, "आत्याला विचारा की आधी." आत्या तांदूळ निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, "माझं नाव घालूच नका. लोकांस्नी वाचायला तरास." अण्णा तसे अबोल माणूस. भांडणात ते नेहमी मशीनला पाय मारायला जायचे. पण त्या दिवशी ठणकावून बोलले, "बहिणीचं नाव न्हाय, मग लग्न माझ्या घरचं कशाला म्हणायचं?" आणि त्यांनी "सौ. शकुंतला" जुळवलं. प्रूफ मी स्वतः मोठ्यानं वाचलं. सौ. होतं. हे मी आज कुणाच्याही पुढं शपथेवर सांगेन.

पत्रिका छापून झाल्या, हळदकुंकू लावून वाटल्या गेल्या. कोल्हापुरात गेल्या, बावड्याला गेल्या, आणि नेसरीलाही गेल्या. नातं मोडलं तरी पत्रिका जायला पाहिजे, असं अण्णांचं म्हणणं. आत्याच्या मालकांना गेली, त्यांच्या थोरल्या बहिणीला पार कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या गावी गेली. आम्ही कुणी छापलेली पत्रिका परत वाचली नाही. लग्नाची पत्रिका कुणी वाचत नसतं, जो तो आपलं नाव शोधतो आणि ठेवून देतो. पण त्या थोरल्या बहिणीला स्वतःचं नाव सापडलं नाही, म्हणून तिनं नातवाकडून सगळी पत्रिका वाचून घेतली, आणि तळाला आल्यावर तिनं हंबरडा फोडला. तिथं छापलं होतं, "श्रीमती शकुंतला".

पुढचं आम्हाला नंतर कळलं. म्हातारी मिळेल त्या एस.टी.नं नेसरीला पोचली. स्टँडपासूनच गळा काढून, "माझ्या तम्मा, मला न सांगता गेलास की रं!" करत दारात आली, तर तम्मा कट्ट्यावर बसून आंबिलीत कांदा चुरून खातोय. तम्मा म्हणजे तिकडं धाकटा भाऊ. तिनं आधी त्याला हात लावून बघितलं म्हणे, आणि मग मुस्काटात मारली. गावाला तेवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवसापासून, "काय मयत, कुठं निघालाईसा?" "तेराव्याला बोलवा वो, इसरू नका!" माणसाला पानपट्टीवर उभं राहायची सोय उरली नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात. आत्याच्या नवऱ्यालाही आमच्याकडं मामाच म्हणतात, आम्हीही म्हणत असू. मी त्यांना पहिल्यांदाच इतकं जवळून पाहत होते. मिशा मोठ्या, पण माणूस किरकोळ. हातात पत्रिका. "मी जित्ता असताना ही श्रीमती कशी झाली? सांगा! कुणी मारलं मला?" गल्ली गोळा झाली. आईनं आधी तांब्या पुढं केला. शत्रू असला तरी पाहुणा, पाणी द्यायचं. अण्णा हात पुसत बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "दाजी, सौ. संपलं." "काय संपलं?" "खिळं संपलं. प्रूफ झाल्यावर बावड्याच्या लोकांनी आणिक नावं पाठवली. सगळ्या बायका. सौ. अमकी, सौ. तमकी. काना दोन मात्रेचा खिळा पुरंना. पाव्हण्यांचा कसा काढायचा? घरचा काढला. श्री भरपूर हुतं." आणि त्यांना हाताला धरून आत नेऊन तो खण दाखवला. खण रिकामा होता. मी डोकावून पाहिलं. मामा क्षणभर त्या रिकाम्या खणाकडं बघत राहिले, आणि मग जास्तच भडकले. "मला खुळा समजतासा? माझ्या नावाला काळं फासलासा! असल्या बाईचं नाव मी माझ्या कार्डावर ठिवणार न्हाय. कमी करून टाकतो, बघाच!"

मला वाटलं, आता आत्या रडणार. आत्या आतून आली, पिठाचे हात तसेच, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बोलली ती इतक्या साध्या आवाजात, की पाठीमागच्या बायका पुढं सरकल्या. "तुमच्यानं न्हाय व्हायचं." "का न्हाय व्हायचं?" "नुसतं बोलणं तुमचं. आधीबी लई बोललासा. नाव कमी केलं, तर दाखला मिळतोय तिथं, शिक्का मारल्याला. तो आणून दावा चार माणसांत. मग मानतो मी, माणूस जित्ता हाय म्हणून." गल्लीत कुणीतरी फिसकन हसलं. मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आणतो! लग्नात आणून टाकतो तुझ्या म्होरं!" आत्या म्हणाली, "या की. निमंत्रण हायच." आणि आत जाऊन तिनं राहिलेली भाकरी थापायला घेतली. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या हातातल्या भाकरीला भोक पडलं, एरवी कधी पडायचं नाही. मी विचारलं, "आत्या, तू त्यांना घाबरतेस?" ती म्हणाली, "लई. हुकूम उघडून बसलो की गं मी."

आता मधलीच एक गोष्ट सांगते, नाहीतर राहून जाईल. अण्णा गेले आणि छापखाना मोडीत काढायची वेळ आली, तेव्हा खिळे शिशाच्या भावानं द्यायचे म्हणून मी चौकटी रिकाम्या करत होते. अण्णांचा पानाचा डबा तिथंच मशीनमागं सापडला. त्यात सुपारी नव्हती. काना दोन मात्रेचे खिळे होते, बचकभर. मी ते हातात घेऊन किती वेळ खुळ्यासारखी बसले होते. अण्णांनी मुद्दाम लपवले? पण झिजलेले खिळे ते वेगळे काढून डब्यातच टाकायचे, हेही मला माहीत आहे. मी एकेक उजेडात धरून पाहिला. काही झिजलेले वाटले, काही नवे कोरे वाटले, चष्मा काढला तर सगळेच झिजलेले वाटले. आत्याला फोन करून विचारलं, तर म्हणाली, "अण्णा कधी खोटं बोलायचा न्हाय." मग म्हणाली, "आन् खेळायचा बी न्हाय आमच्यात. नुस्ता बगत बसायचा." यावरून काय समजायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

लग्नाला मामा आले. आले म्हणजे काय, वाजतगाजतच आले म्हणा. गुलाबी फेटा, पांढरा शर्ट, पायात करकरीत वहाणा. मांडवात शिरल्यापासून ते प्रत्येक रांगेत फिरून नमस्कार घालत होते, "वळकलं का? नेसरीचा मी. बरा हाय." आचाऱ्यालासुद्धा सांगितलं. अक्षता पडल्या त्याही कुणाला दिसल्या नसतील इतके ते दिसत होते. जेवायला दोन पंगतींना बसले, माणूस जिवंत असल्याचा तोच पुरावा त्यांना खात्रीचा वाटला असणार. जाताना त्यांनी आहेराचं पाकीट आत्याच्या पुढं धरलं, चार माणसं बघत असताना. "घे. जित्ता हाय का न्हाय?" आत्यानं पाकीट उघडलं. आत शिक्का मारलेला दाखला होता. तिनं तो वाचला, परत वाचला, घडी घालून पदराच्या गाठीत बांधला, आणि वाकून मामांना नमस्कार केला. मामा एकदम गोंधळले. त्यांनी उगाच फेटा सावरला. मला त्या वेळी, देवाशप्पथ, त्यांची दया आली. आपण जिंकलो की हरलो, हे त्या माणसाला मांडवातून बाहेर पडेपर्यंत कळलं नव्हतं.

लग्नाच्या गडबडीतून उठल्यावर अण्णा, आत्या आणि मी पुन्हा त्याच टेबलापुढं. आता अक्काचं नाव कमी करायचं होतं आणि आत्याचं चढवायचं होतं. साहेबांनी अक्काच्या नावावर रेघ ओढली, तेव्हा अण्णांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. खाली आत्याचं नाव लिहिताना मी श्वास धरून बघत होते, की हे काय लावणार, सौ. की श्रीमती? साहेबांनी काहीच लावलं नाही. नुसतं लिहिलं, शकुंतला. आणि नात्याच्या रकान्यात, बहीण. मी अण्णांना विचारलं, "झालं? एवढंच?" मला वाटलं होतं काहीतरी वाजेल. रेशनच्या दुकानात आत्या स्वतः रांगेत उभी राहिली, आणि आमची सगळ्यांची साखर एका पिशवीत घेतली तरी आपल्या वाट्याची तिनं वेगळ्या कागदात बांधून मागितली. दुकानदार चिडला, "घरात एकच डबा असतोय की!" ती म्हणाली, "आजच्यापुरती बांधा."

घरी आल्यावर आईला तिनं चुलीपासून उठवलं. "मी करतो चहा." पुडी सोडली आणि अशी काही सढळ हातानं ओतली, की आई "अवो वन्सं, अवो वन्सं" करत राहिली. अण्णांनी मशीन थांबवलं. सगळे पुढच्या खोलीत बसलो, अक्काची जागा रिकामी होती आणि तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आत्या बालवाडीत जाणार होती. अण्णांनी बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शके, साखर लई झालीया गं." आत्यानं स्वतःचा कप दोन्ही हातांत धरला होता.

"होऊ दे," ती म्हणाली, "माझी हाय."